शेवटची पाच अक्षरं

"फॉरमॅट मारावं लागीन, बाई," दुकानदार म्हणाला, आणि मी काउंटरवरच्या डब्याभोवती गुंडाळलेली चादर घट्ट धरली.

मेहकरच्या बसस्टँडजवळचं ते दुकान. कंप्युटर सुरूच होईना म्हणून मी त्याचा डबा जुन्या चादरीत बांधून, मांडीवर घेऊन ऑटोनं तिथवर आणला होता.

"फॉरमॅट म्हणजे काय होतं?"

"सगळं पुसाचं अन् नवं टाकाचं."

"आणि माझं लिहिलेलं?"

"जाईन नं ते."

माझं लिहिलेलं म्हणजे काय, ते त्याला कसं सांगणार? मी आयुष्यभर गावात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. सकाळी सहाच्या बॅचला वेण्यांना तेल लावून आलेल्या पोरी, शाईच्या रिबिनीचा वास, सगळ्या मशीनी एकदम सुरू झाल्या की पत्र्यावर गारा पडल्यासारखा होणारा आवाज… ते सगळं मी निवृत्तीनंतर बसून टाईप करत होते. कोण कुठल्या गावची, कुणाला कुठं नोकरी लागली, कोण परीक्षेच्या दिवशी घाबरून पळाली. ते पुसलं गेलं असतं तर मला पुन्हा आठवलंही असतं, पण पुन्हा तसंच लिहिता आलं नसतं.

"फॉरमॅट काऊन मारता हो लगेच?" माझ्या मागून आवाज आला. "आधी डिस्क काहाडून त्यातलं उतरवून घ्या नं. मंग मारा फॉरमॅट, काय मारता ते."

मी वळले. उंच, पिकलेल्या भुवयांचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस. हातात नुकतीच घेतलेली वायर होती, पण लक्ष माझ्या चादरीकडे.

"लेकराले गुंडाळल्यासारखं आणलं तुमी याले," ते म्हणाले.

"थंडी आहे ना," मी म्हटलं.

ते हसले. मी का तसं बोलले, देव जाणे. अनोळखी माणसाशी असं बोलायची सवय मला कधीच नव्हती.

त्यांचं नाव जानराव. राहणार जानेफळचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी अमरावतीला दिलेली. नोकरीत कंप्युटर आले तेव्हा शिकले आणि मग तोच छंद लागला. त्या दिवशी दुकानातच एका स्टुलावर बसून त्यांनी माझी पानं न् पानं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मग मशीन नीट करून, स्कूटरवर पायांशी ठेवून घरी पोचवलं. मी ऑटोतून मागे. सबंध रस्ता माझी नजर त्या डब्यावर होती… असं मी तरी समजत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला काहीतरी टाईप करून बघायला सांगितलं. मी केलं. ते बोटांकडे बघत राहिले.

"न पाहता करता?"

"दहाही बोटांनी. तुम्ही?"

"म्या दोन बोटांवर नोकरी काढली."

"दिसतंच आहे."

"तुमच्यापाशी शिकायले आलो असतो त्या टायमाले, तर निदान चार तरी झाले असते."

"फी भरली असती का पण?"

"ते नाई सांगता येत," ते म्हणाले, आणि चहाचा कप बशीत इतका हळू ठेवला की आवाजही झाला नाही.

मग ते येऊ लागले. कधी प्रिंटर अडायचा, कधी अक्षरांचे चौकोन दिसायचे, कधी नेट जायचं. माझ्या लवकरच लक्षात आलं, की जानराव एका फेरीत सगळं काम कधी करत नाहीत. थोडं ठेवतात.

"हे पुढच्या खेपेले पाहू. एका दिवसात सगळं केलं तर मशीनले झेपत नाई," ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे.

"हो का? मला वाटलं माणसाला झेपत नाही."

"माणसाचंही तसंच असते."

मी आत जाऊन चहात आलं जरा जास्त किसायची.

समोरच्या शालूबाई दुपार टळली की ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या. स्कूटर थांबली की त्यांचे हात थांबायचे. "काय वं कोकिळाबाई, तुमचं मशीन लयच नाजूक दिसते. आमच्या घरचा टीव्ही पाहा, इतक्या वर्साचा झाला, एक डाव बिघडला नाई."

"त्याच्यावर कुणी काम करतं का, शालूबाई? नुसतं बघता तुम्ही त्याच्याकडे."

"मंग तुमीही नुसतंच पाहत असान," त्या म्हणायच्या, आणि सुपातला खडा काढून माझ्याच दिशेनं फेकायच्या.

पण त्या रागावून बोलत नव्हत्या. आमच्या गावात एकट्या बाईकडे एकटा पुरुष येतो तर त्याला काम असलं पाहिजे, एवढाच नियम होता. आणि काम होतं. कंप्युटर बिघडत होता. मी त्या कंप्युटरची किती ऋणी आहे, ते तुम्हा तरुण पोरींना कसं कळावं! तुम्हाला भेटायला कारण लागत नाही. आम्हाला लागायचं. आणि माझं कारण टेबलावर, क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेलं होतं.

मग एका रविवारी पुण्याहून दीपकचा फोन आला. दीपक माझा मुलगा. गुणी आहे, फक्त काळजी फार करतो.

"आई, तुझ्या कंप्युटरवर विंडोजची होम आवृत्ती आहे. मी प्रो आवृत्तीची की, म्हणजे ती सुरू करायचा कोड, विकत घेतलीय, तुला फोनवर पाठवतो. ती टाकली की मी इथून, पुण्यातून तुझा कंप्युटर उघडू शकेन. काही बिघडलं तर मीच नीट करीन. सारखं त्या काकांना जानेफळहून यायला लावायचं, बरं दिसत नाही."

"त्यांना त्रास होत नाही रे."

"त्यांना नसेल. पण वय झालंय ना त्यांचं. थंडीत स्कूटरवर… आता एकदाच बोलव, ती की टाकून घे, म्हणजे झालं."

त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. तेच अवघड होतं.

मी जानरावांना फोन करून सगळं सांगितलं.

"बरोबर हाय पोराचं," ते म्हणाले. "होममधी बाहेरून आत यायले दार नाई. प्रोमधी हाय. येतो म्या उद्या."

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तूर काढायच्या दिवसांत येतो तसा अवेळी पाऊस, भुरभुर, कुणालाच नको असलेला. त्यांच्या भुवयांवर बारीक थेंब होते. मी टॉवेल पुढे केला. त्यांनी तोंड पुसलं आणि टॉवेल घडी घालून परत दिला. मी तो दोरीवर टाकला नाही, हातातच धरून राहिले.

"माझी पानं जाणार नाहीत ना?" मी विचारलं.

"काहीच नाई जात. फायली जिथल्या तिथं. घर तेच राह्यते, एक दार जास्तीचं पडते फक्त." मग चष्मा लावत म्हणाले, "तरी उतरवून घेतो म्या आधी. तुमच्या पोरींपैकी एखादी हरवली तर मले माफ नाई करणार तुमी."

ती की म्हणजे पाच-पाच अक्षरांचे पाच गट. त्यांनी सांगायचं आणि मी टाईप करायचं ठरलं. आयुष्यभर मी लोकांना मजकूर सांगितला होता, त्यांनी तो टिपला होता. त्या दिवशी कुणीतरी मला सांगत होतं. माझ्या फोनवरचं बघत ते एकेक अक्षर म्हणत, मी पडद्याकडे बघत बोटं चालवी. पहिला गट भराभर झाला. दुसरा, तिसरा. चौथ्याला त्यांचा आवाज मंदावला. पाचव्याला तो थांबलाच.

मी वाट बघितली. बाहेर पत्र्यावर पाऊस टपटपत होता.

"काऊन थांबले?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"काही नाई… हे पाच टाकले, का तुमच्या घरचं माझं काम खलास."

मी मान वर केली नाही. बोटं कळांवर तशीच ठेवली होती, परीक्षा सुरू व्हायच्या आधी मुली ठेवतात तशी.

"मग नका सांगू," मी म्हटलं.

"तसं नाई चालत, कोकिळाबाई. तुमचा पोरगा तिकडे बसून राह्यला. तुमच्या रातीबेरातीले काही अडलं तर त्याच्या हाती असलं पाह्यजे. म्या काय… पाऊस आला, अंग दुखलं, का आलोच नाई." आणि मग त्यांनी ती शेवटची पाच अक्षरं सांगितली. स्पष्ट, एकेक करून, कुठंही न चुकता. ते मुद्दाम चुकले असते तरी मला कळलं नसतं. खरं सांगते, मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले त्या क्षणी.

पडद्यावर टक्के चढू लागले. वीज जाऊ नये म्हणून जानराव दिव्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. वीज गेली नाही. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, माझी पानं जिथल्या तिथं. त्यांनी दीपकसाठी ते दार उघडून दिलं, त्याला फोनवर सगळं समजावलं.

"आता मी आत येतोय, आई," दीपक म्हणाला. "तुम्ही दोघं कशाला हात लावू नका. मी थोडी साफसफाई करतो, अर्धा तास तरी लागेल."

आणि आमच्यासमोरच्या पडद्याला कुलूप लागलं. आत दीपक काम करत होता, पण आम्हाला दिसत होतं फक्त एका डोंगराचं चित्र आणि माझं नाव.

"आता?" मी विचारलं.

"तो आत हाय तवर आपल्याले काही दिसत नाई. बसाचं."

आम्ही बसलो. इतके दिवस शेजारी-शेजारी बसलो होतो, पण दोघांचेही डोळे त्या काचेवर असायचे. आता तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. जानरावांनी खुर्ची वळवली. मीही वळवली. त्यांचे डोळे मधाळ रंगाचे आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

"आता कोणतं निमित्त काढू, सांगा?" ते म्हणाले.

"निमित्त लागतं का?"

"शालूबाईले लागते."

"मग शालूबाईंकडे जा."

ते इतके मोठ्यानं हसले की मला दाराकडे बघावं लागलं. मग हसू ओसरलं आणि ते हातातल्या चष्म्याच्या काड्या उघड-मीट करत राहिले.

"एक सांगू? हसू नका."

"बघते प्रयत्न करून."

"घरी म्या एकटाच रांधतो. कधी भाजी खारट, कधी अळणी. पण तुमच्या इथून गेलो का त्या दिवशी… मीठ बरोब्बर पडते." ते थांबले. "लय दिवस पाह्यलं म्या. दर खेपेले तसंच होते."

मला हसू आलं नाही. माझे यजमान गेल्यापासून माझ्या असण्यानं कुणाच्या स्वयंपाकाला, कुणाच्या चवीला काही फरक पडत नव्हता. आणि इथं जानेफळच्या एका चुलीवर माझ्यामुळे मीठ नीट पडत होतं!

"उद्या या," मी म्हटलं.

"उद्या काय काम?"

"काही नाही. काम नसतानाच या. पाच वाजता, लोक ओट्यावर बसलेले असतात तेव्हा."

"लोक इचारतीन…"

"विचारू देत. मी सांगीन."

"काय सांगसान?"

मी उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. दीपक. गडबडीत माझं बोट स्पीकरवर पडलं.

"झालं, आई! एकदम मस्त चालतोय आता. आता काकांना यायची काही गरज नाही बघ."

जानराव खुर्चीतून उठू लागले. मी हातानं त्यांना बसा म्हणून खूण केली.

"दीपक, ते येणार आहेत."

"कशाला? मी आहे ना आता."

"कंप्युटरसाठी नाही रे."

"मग?"

"माझ्यासाठी."

फोनमधून त्याचा श्वास ऐकू आला, लहानपणी परीक्षेचा निकाल सांगायच्या आधी घ्यायचा तसा.

"काका आहेत का तिथं? दे त्यांना."

जानरावांनी फोन उभं राहून घेतला. स्पीकर बंद करून कानाशी धरला आणि खिडकीकडे तोंड केलं. "हाव… हाव… नाई बाप्पा, तसं नाई… सकाळची. चहाच्या आधी… हाव." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांनी टॉवेल मागितला, तोच, माझ्या खुर्चीवर टाकलेला.

"काय म्हणाला?" मला धीर निघेना.

"म्हणे, आईची बीपीची गोळी कवाची असते, माईत हाय का तुमाले?"

"मग?"

"मंग म्या सांगतलं." त्यांनी टॉवेलमध्ये तोंड पुसलं. "तर म्हणे, मले माईत नव्हतं, काका. म्हणे… आज पाऊस हाय, जेवूनच जा."

'उपकार झाले,' मी मनात म्हटलं. माझ्या मुलाचे, त्या माणसाचे, काचेमागे अर्धा तास कुलूपबंद बसलेल्या त्या यंत्राचे, अवेळी आलेल्या पावसाचेसुद्धा.

मी आत गेले, परात घेतली आणि पीठ काढलं. किती घ्यायचं ते बघावं लागलं नाही. एवढ्या वर्षांनी हाताला दोघांच्या कणकेचं माप अजून आठवत होतं.