पोत्याची जागा

सिग्नल हिरवा झाला आणि माझी पिकअप जागच्या जागी थरथरायला लागली. मागे रोपांच्या कुंड्या एकमेकींवर आपटत होत्या, त्यांच्या मागे हॉर्न वाजत होते आणि माझे कान तापले होते. रस्ता ओलांडणारा एक जण मध्येच थांबला. त्याने डोळे मिटले. भर रस्त्यात असा डोळे मिटून उभा राहणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"चौघांपैकी एक काम करत नाहीये," खिडकीशी येऊन तो म्हणाला.

"आमच्या घरीही तसंच आहे. तुम्ही कोण?"

"मेकॅनिक. सिलिंडरबद्दल बोलतोय मी… तिघंच ओढतायत." हसू आवरल्यासारखा तो खाली बघत राहिला. "वळणावरच गॅरेज आहे. हळू आणा."

गॅरेजमध्ये त्याने चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. तीन कोरडे, तांबूस. चौथा काळा आणि ओला.

"पेट्रोल येतंय," तो म्हणाला, "पण ठिणगी पडत नाही. मग नुसतंच भिजणं होतं."

हे वाक्य तो प्लगबद्दल बोलला होता. मी मात्र ते उगाच घरी घेऊन गेले.

प्लग बदलला. तो शेजारी बसून ऐकत होता, तोवर गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी चालली. तिथून मी एकटी निघाले आणि पुन्हा तेच रडगाणं.

घरी बाबांनी निकाल देऊन टाकला. पिकअप माझ्यापेक्षा वयाने मोठी. नर्सरी सुरू करताना त्यांनीच घेतलेली. "रविवारी भंगारवाला येतोय," ते म्हणाले. "तोवर सुधारली तर तुझी. नाहीतर ती त्याच्याकडे आणि तू ताईच्या ऑफिसात."

ताईच्या ऑफिसात एकच झाड आहे. प्लास्टिकचं. आठवड्यातून एकदा ते पुसतात.

मेकॅनिकला हे सांगितलं, तर तो बराच वेळ स्पॅनर पुसत राहिला. मग म्हणाला, "गॅरेजमध्ये ही खरं बोलत नाही. मी तुमच्याबरोबर येतो. रस्त्यावर ऐकू."

त्यानंतर रोज सकाळी तो माझ्या शेजारी बसू लागला. आम्ही रोपं पोचवत फिरायचो. केबिनमध्ये ओल्या मातीचा वास, त्याच्या बाह्यांना ग्रीसचा. आणि गाडी… गाडी लोण्यासारखी. चढावरसुद्धा हूं नाही की चूं नाही.

"तुम्ही बसलात की लाजते ही," मी म्हणाले.

"लाजते, की लाडात येते?"

"ते तुम्हालाच कळणार. तुम्ही डॉक्टर." बाबांनी त्याला ठेवलेलं हे नाव. "पण डोळे का मिटता?"

"उघडे ठेवले की… लक्ष भलतीकडे जातं."

"कुठे?"

"रस्त्याकडे."

रस्ता समोर होता. त्याची मान समोर नव्हती.

तो उतरला की मात्र पुढच्याच वळणावर थरथर सुरू. मी फोन करायची, "गेलात, आणि लागली रडायला." तो हसायचा, पण दिवसागणिक ते हसू बारीक होत गेलं. त्याने वायर बदलली, कॉइल बदलली, फिल्टर साफ केला. शुक्रवारी उतरताना दार धरून उभा राहिला आणि म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. माझ्या कानांवर आता माझाच भरवसा नाही."

घरी बाबा म्हणाले, "गाडीला त्या डॉक्टरची सवय लागलेली दिसते." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत, "गाडीलाच ना?"

शनिवारी तो आला नाही. मागे जागा उरली नव्हती, म्हणून मातीचं एक पोतं मी शेजारच्या सीटवर टाकलं आणि निघाले. वळण गेलं. चढ गेला. गाडी लोण्यासारखी.

मी गाडी कडेला घेतली. पोतं ओढून खाली उतरवलं, थोडं पुढे जाऊन पाहिलं. थरथर. पोतं परत चढवलं. शांत.

रस्त्याच्या कडेला बराच वेळ बसून राहिले. सांगायलाही लाज वाटते, पण गाडीला माझ्या मनातलं कळतं असं मला वाटायला लागलं होतं. तिला हवं होतं नुसतं वजन. तो काय, पोतं काय.

त्याला सांगितलं, तर दोष सापडणार, आणि सकाळचं शेजारी बसणंही संपणार. नाही सांगितलं, तर उद्या पिकअपच जाणार. पण खरं तर मला दिसत होता तो दार धरून उभा राहिलेला, स्वतःच्या कानांवर रुसलेला माणूस. मी फोन लावला.

रविवारी भंगारवाल्याच्या आधी तो आमच्या अंगणात हजर झाला. मी पोतं सीटवर ठेवून, काढून दाखवलं. तो ऐकत राहिला. मग पोतं जमिनीवर ठेवून त्याने सीट उचलली. खाली इंजिनाला हुकूम सोडणारी चपटी पेटी होती आणि तिच्यात शिरणारा वायरींचा जोड सैल होऊन लोंबत होता. सीटवर कुणी बसलं की तो दाबून बसायचा. सीट रिकामी असली की खडखडायचा.

"सगळं इंजिन उलटंपालटं केलं मी," तो हळूच म्हणाला. "आणि रोज त्याच्यावरच बसत होतो."

"काखेत कळसा," बाबा म्हणाले.

"काखेत कुठला, बाबा…" मी म्हणाले, आणि पुढचं गिळलं. तो मात्र मोकळेपणाने हसला, कितीतरी दिवसांनी.

जोड साफ करून त्याने घट्ट बसवला, सीट लावली. मग पोतं खालीच राहू देऊन रिकाम्या सीटनिशी मला अंगणात चक्कर मारायला लावली. शांत. बाबांनी भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि "रोपांना पाणी घालायचंय" म्हणत ते मागच्या बाजूला गेले. सकाळीच घातलेलं पाणी अजून कुंड्यांमधून ठिबकत होतं.

शनिवारी राहिलेलं ते पोतं पोचवायचंच होतं. मी ते पुन्हा सीटवर चढवलं, नुसतं हाताला काम म्हणून.

तो हत्यारं गोळा करत होता. एकच पाना त्याने तीनदा पुसला.

"झालं," तो म्हणाला. "आता मी नसलो तरी चालेल."

"गाडी चालेल…" मी म्हणाले. आवाज थरथरत होता, पण आता ती थरथर गाडीवर ढकलायची सोय नव्हती. "मला नाही चालणार."

त्याने डोळे मिटले, त्या दिवशी सिग्नलवर मिटले होते तसेच, जणू एखादा आवाज खरा आहे की नाही हे नीट ऐकून घेत होता. मग त्याने शेजारच्या सीटवरचं पोतं खांद्यावर घेतलं, पिकअपच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवलं, हात झटकले, आणि येऊन त्या जागी बसला.

"चल," तो म्हणाला. या वेळी डोळे उघडे होते.