आतून लागलेली कडी

हे घडलेलं आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. फक्त माझ्या मावशीसमोर हसू नका, एवढंच सांगणं.

अमावस्या नव्हती, रात्रसुद्धा नव्हती. यंदाच्या मे महिन्यातला गुरुवार, संध्याकाळचे सव्वापाच. छत्रपती संभाजीनगर, सिडको, एन-नऊमधलं एक साधं रो हाऊस.

माझी दमयंतीमावशी तिथं एकटी राहायची. वैजनाथकाका जाऊन दहा महिने झाले होते. उन्हाळ्यात आमच्याकडं भरदुपारी घरं फुटतात, म्हणून मावशीनं आपल्या परीनं बंदोबस्त केला होता. काकांच्या चपला रोज दाराबाहेर काढून ठेवायची. कुरिअरवाला आला तरी आत तोंड करून ओरडायची, "अहो, कोण आलंय बघा हो!" बाहेरून आली, की हातात किल्ली असली तरी आधी हाक मारायची, "अहो, दार उघडा!"

ऐकणाऱ्याला वाटावं, घरात पुरुष माणूस आहे.

शेजारच्या साळूबाई चिडवायच्या, "काय ओ, आज साहेबांनी लई उशीर लावला दार उघडायला!" मावशीही हसायची.

दुसरी किल्ली प्रणयकडं होती. प्रणय म्हणजे आमच्या करमाडच्या मामाचा मुलगा. कॉलेजची चार वर्षं तो मावशीकडंच राहिला. परीक्षेला निघताना त्याच्या तळहातावर दही ठेवणारी तीच. दागिने कुठं ठेवलेत हे तिनं सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं. तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी.

त्या गुरुवारी मावशी एका मुंजीला पैठणला गेली. निघताना प्रणयला फोन केला, "संध्याकाळपर्यंत घराला कुणी नाही रे. जमलं तर एक चक्कर मार."

संध्याकाळी ती एसटीनं परत आली. लॅचमध्ये किल्ली फिरवली. खट् झालं.

पण दार उघडेना.

तिनं खांदा लावून ढकललं. वरचा कोपरा जागचा हलेना...

आतली कडी लागलेली होती.

घरात तर कुणीच नव्हतं!

मावशीच्या तोंडातून सवयीनं तीच हाक निघाली, "अहो... दार उघडा हो..."

आत कुणीतरी खोकलं.

कोरडा खोकला. दोनदा. मग घसा साफ केल्याचा आवाज...

काकांचा.

आणि कडी सरकली.

दार हळूच आत गेलं. दारामागं कुणी नव्हतं. पार तिकडं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, प्रणय भिंतीला टेकून बसला होता. घामानं निथळत. आजूबाजूला सगळा तांदूळ सांडलेला. मावशीची मोहनमाळ त्याच्या मुठीत.

तिथून दारापर्यंत हात पोचणं शक्यच नव्हतं. कडी त्यानं काढली नव्हती.

"आत्या," तो रडत म्हणाला, "काका घरात आहेत गं. दुपारी बारापासून मला उठू देत नाहीत. उठायला गेलो की मागं खोकतात. म्हणतात, बस. ती येईपर्यंत बस."

मावशी सांगते, भीती नंतर वाटली. आधी छातीत कळ उठली, ती त्या मुठीकडं बघून.

"मागितली असतीस तर दिली असती रे मेल्या," एवढंच ती बोलली.

आवाज ऐकून साळूबाई धावत आल्या. "काय झालं ओ? कोण हाय आत?"

आता पुढं मावशीनं जे केलं, त्याचा मला अजून संताप येतो. तिनं मोहनमाळ पदराखाली घेतली आणि म्हणाली, "काही नाही. मीच बोलावलं होतं याला. तांदूळ निवडायचे होते."

का? तर भावाचं नाव गल्लीत खराब होऊ नये म्हणून! पोलिसांत गेली नाही, मामाला कळवलं नाही. प्रणयकडून किल्लीसुद्धा परत घेतली नाही. मागितली असती तर साळूबाईंना सगळं कळलं असतं ना!

ती साळूबाईंना ही तांदळाची थाप मारत असतानाच...

आतल्या खोलीचं दार धाडकन आपटलं.

वारा नव्हता. साळूबाईंनीही ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी चिडवणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मावशी कोपऱ्यावर भाजी आणायला गेली. परत आली, किल्ली फिरवली...

कडी आतून लागलेली.

तिनं हाक मारली. दार वाजवलं. रडली. या वेळी कुणी उघडलं नाही. शेवटी सुतार बोलावून कडी तोडली. आत चिटपाखरू नाही. खिडक्यांचे गज जागच्या जागी, मागच्या दाराला कुलूप.

नवी कडी बसवली. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

आता मावशी आमच्याकडं गारखेड्याला असते. गेल्या रविवारी भरदुपारी मी तिला घेऊन गेले, तिचे कपडे आणि बीपीच्या गोळ्या आणायला. किल्ली फिरली. दार हललं नाही.

मावशीनं दाराला कपाळ टेकलं.

"अहो, चुकलं माझं. भावाचं पोर म्हणून पांघरूण घातलं. मी आहे, दमयंती. दहा महिने रोज तुम्हाला हाका मारत होते... मला तरी आत घ्या."

मग दाराच्या अगदी पलीकडून काकांचा आवाज आला. मी माझ्या कानांनी ऐकलाय. आवाजात राग नव्हता. दारावर आलेल्या परक्या बाईशी बोलावं, तसं शांतपणे ते म्हणाले...

"दमयंती घरात नाही. ती आल्यावर या."