पुढच्या काचेवरची वाफ

हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. पण हे घडलंय, आणि माझ्याच अंगणात घडलंय.

मागच्या उन्हाळ्यातला शनिवार होता. नुकती दिवेलागण झाली होती. घरामागचं आमचं अंगण छोटंसं, तीन बाजूंनी भिंत, खाली सगळी खडी. मांजर चाललं तरी आवाज होतो.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात तासून झाले की संध्याकाळचा तेवढा वेळ माझा. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, ग्रहाचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातली नीट आलेली चित्रं एकावर एक रचून एकच स्वच्छ फोटो काढायचा. हा माझा नाद. नवरा ड्रायव्हिंग शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही. त्याचं म्हणणं, एवढं टक लावून मी त्याच्याकडे बघितलं असतं तर त्याचंही भलं झालं असतं.

त्या दिवशी गुरूच्या एका चंद्राची सावली गुरूवरून सरकणार होती. टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. दर वेळी ढग आडवे यायचे. आज आभाळ लख्ख होतं.

ठिपका दिसला. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

आणि रातकिडे थांबले...

सगळे. एकदम.

लॅपटॉपवर गुरू थरथरला. दुर्बिणीला कुणाचा हात लागला की थरथरतो, तसा. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मग तो अंधुक होत गेला... आणि दिसेनासा झाला. चंद्रही गेले. पडदा काळा.

मी वर पाहिलं. आभाळात गुरू जिथल्या तिथे. ढगाचा पत्ता नाही.

म्हणजे जे काही आडवं आलं होतं, ते दुर्बिणीच्या तोंडाशीच होतं.

दुर्बीण बरीच वर रोखलेली होती. तिच्या पुढच्या काचेपर्यंत पोचायला मला स्टूल लागतं. मी स्टूल ओढलं, चढले, मोबाईलचा उजेड टाकला.

काचेवर वाफ होती.

दव म्हणाल, तर ते सगळ्या काचेवर सारखं धरतं. आणि त्या कोरड्या उकाड्यात दव कुठलं? ही वाफ गोल होती. मधोमध. आरशाजवळ तोंड नेऊन श्वास सोडावा तशी.

माझ्या डोळ्यांदेखत ती आक्रसली...

आणि परत पसरली.

स्टूलवरून मी कशी उतरले, आठवत नाही. मास्तर दारात आला होता. त्याला सगळं सांगितलं. तोही चढला, बघून उतरला. नवशिक्यांच्या शेजारी बसून जन्म गेलेला माणूस, सहसा घाबरत नाही. पण त्याने माझा दंड घट्ट धरला.

"सगळं तिथेच राहू दे. आत चल."

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त डोकं तापलं होतं. हे अंगण मी झाडते. ही खडी मी पसरलीय. आणि तिकडे ती सावली गुरूवरून निघून चालली होती.

मास्तरला म्हटलं, तू जा. मग मऊ फडकं घेऊन परत स्टूलवर चढले. काच पुसली. समोरच्या रिकाम्या हवेकडे बघून म्हणाले,

"बाजूला हो."

खडीवर पाऊल वाजलं नाही. काहीच हललं नाही...

पण लॅपटॉपवर गुरू उजळला. काळ्या ठिपक्यासकट.

मी रेकॉर्डिंग पूर्ण केलं.

मास्तर म्हणाला, दुर्बीण देऊन टाकू कुणाला तरी. मी म्हटलं, आज अंगण सोडलं तर उद्या स्वयंपाकघर सोडावं लागेल.

तेव्हापासून आभाळ स्वच्छ असलं की मी बसतेच. कधी शुक्र, कधी मंगळ. मधूनच रातकिडे थांबतात, पडदा काळा होतो. मी म्हणते, बाजूला हो. पडदा उजळतो. कटकट्या शेजाऱ्याची होते तशी त्याची सवय झाली होती.

परवापर्यंत.

परवा शनीची कडी सुरेख दिसत होती. मास्तर दाराशी उभा होता. पडदा काळा झाला. मी मान वर न करताच म्हटलं, "बाजूला हो."

उजेड आला नाही...

माझ्या मानेला ऊब लागली. आणि कानाच्या अगदी मागून, हळू आवाजात...

"तू हो."

मास्तरनेही ऐकलं. खडी वाजली नव्हती.

मी मागे वळून पाहिलं नाही. तेवढी हिंमत नव्हती. पण उठलेही नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले. पडदा खूप उशिरा उजळला, पण उजळला.

आजही आभाळ स्वच्छ आहे. मास्तर आतून हाका मारतोय. मी कॅमेरा लावतेय.

फक्त आज खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलीय.

मागे कुणाला जागा नको.