आतल्या बाजूची ऊब

अक्षया शिवलकर त्या वखारीत गेली ती भुंगे शोधायला.

भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जांभ्या चिऱ्याची ही वखार होती. कधीकाळी तिथं पडावातून मीठ उतरायचं. आता एका विश्वस्त मंडळानं तिथं लोककलेचा छोटासा संग्रह थाटला होता. ढोल, ताशे, पालखीचे जुने दांडे, आणि भिंतीला लागून नमन या कोकणी लोकनाट्याची लाकडी सोंगं, म्हणजे मुखवटे. गणपती, रावण, वाघ, म्हातारी. गावोगावच्या मंडळांनी ती सांभाळायला म्हणून दिली होती, कारण गावात ती पोखरून चालली होती. वखारीतही ती पोखरली जातच होती, हा भाग वेगळा. दुपारी वारा पडला की लाकूड कुरतडल्याचा बारीक आवाज कुठून तरी यायचा आणि सोंगांखाली पिठासारखा भुसा साठायचा.

अक्षयाचं काम साधं होतं. जुन्या वस्तूंना हात न लावता त्यांच्या पोटात काय आहे ते यंत्रांनी पाहायचं. एका यंत्रानं रंगात शिसं आहे की पारा ते कळायचं, दुसऱ्यानं वरच्या रंगाखालचा जुना रंग दिसायचा, आणि उष्णतेचा कॅमेरा पोखरलेली जागा दाखवायचा. सोंगाला दिव्यानं किंचित ऊब द्यायची, दिवा बंद करायचा आणि लाकूड निवताना पाहत बसायचं. आत जिथं पोकळ असेल तिथं उबेचा डाग वेगळा उमटतो. गरम ते केशरी, गार ते निळं. मुंबईत हे काम ती थंडगार बंद खोलीत करायची.

इथं मात्र पहिल्या दिवसापासून तिचं डोकं फिरलं होतं. वीज जायची, इन्व्हर्टर कोकलायचा. वीज आली की संग्रह सांभाळणारा सर्वेश भाटकर आठवणीनं पंखा लावायचा, आणि पंख्याच्या वाऱ्यानं तापवलेलं सोंग गार झालं की अक्षया पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सर्वेश तिच्या कॉलेजातला. स्वभावानं इतका गरीब की त्याच्यावर धड ओरडताही येत नसे. त्यात रावजी गुरवांचे फोन. राजापूरकडच्या एका गावात नमनाचं मंडळ चालवणारे हे गृहस्थ. म्हातारीचं सोंग त्यांच्या गावचं. शिमगा तोंडावर आला होता आणि त्यांना ते परत हवं होतं.

“तुम्ही ते घालून नाचता का?” तिनं एकदा विचारलं होतं.

नाही, म्हणाले. मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, नुसतं ठेवतात. ठेवायलाच हवं मात्र. मग उद्या मिळेल का?

म्हातारीची पाळी आली ती अशा वैतागात. शिवणीच्या लाकडाचं सोंग, वरचा पिवळा रंग पोपडे धरलेला, गालफडं बसलेली, तोंडाचं बोळकं पसरून हसणारं. अक्षयानं ते पालथं ठेवलं, कॅमेरा रोखला आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेला. दिवा अजून लागलाच नव्हता. तरी पडद्यावर सोंगाची आतली बाजू केशरी झालेली होती.

अरुंद कपाळ, दोन गाल, मधे नाकाची रेघ. डोळ्यांच्या जागी दोन निळी भोकं. कुणीतरी आत्ताच चेहऱ्यावरून उतरवून ठेवावं तशी ऊब, आणि आकडा माणसाच्या अंगाइतका.

“सर्वेश, तू हे घातलं होतंस?”

त्यानं हात जोडून सांगितलं की बाबा नाही. मग उन्हात ठेवलं होतंस? तेही नाही. अक्षयानं आत तळहात टेकवला. लाकूड गार. साधा तापमापक लावला. त्यालाही लाकूड खोलीइतकंच गार वाटलं. म्हणजे कॅमेरा बिघडला. तिनं तो रावणावर रोखला, रावण निळा. चहाच्या कपावर रोखला, कप केशरी. पुन्हा म्हातारीवर आणला. कपाळ, गाल, नाक.

कॅमेरा भाड्यानं देणाऱ्याला तिनं फोन केला. त्यानं बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. ते तिनं केलं होतं. मग त्यानं भिंग पुसायला सांगितलं. तिनं फोन ठेवला, सोंग लोखंडी कपाटात कोंडलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि जवळच मिरकरवाड्यातल्या आपल्या जुन्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. सोंग तसंच उबदार.

आता तिला संताप आला. अहवालात हे लिहायचं काय? तिनं चिडून सलग चित्रण सुरू केलं आणि समोर स्टूल ओढून बसली. बाहेर ओहोटी लागली होती. चिखलाचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास आत येत होता, त्यात डांबरगोळ्यांचा. भुंग्यांचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती पडद्याकडे पाहत राहिली, आणि हळूहळू तिला दिसलं की नाकाच्या टोकाखालचा एवढासा ठिपका स्थिर नाही. तो निळसर होत होता... मग केशरी... मग पुन्हा निळसर.

माणसाच्या चेहऱ्यावर हा कॅमेरा रोखला की असंच दिसतं, हे तिला ठाऊक होतं. श्वास आत घेतला की नाकपुडी गार होते, सोडला की गरम.

तिनं पडदा बंद केला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. घाबरलो असं तिनं त्या वेळी कबूल केलं नसतं. तिला एवढंच वाटत होतं की याला काहीतरी फालतू कारण असणार आणि ते आपल्याला सापडत नाहीये. वार्निशाचा लेप, भिंतीवरून परतणारी उष्णता, काहीही. मग तिला सुचलं ते सुचायला नको होतं. खरा चेहरा आत जाऊन आला तर ती ऊब कशी दिसते आणि कशी निवते, हे टिपायचं. दोन्ही शेजारी ठेवले की फरक कळेल.

सर्वेश तयार नव्हता. गावच्या लोकांनी देतानाच सांगितलं होतं, घालू नका म्हणून.

“का, ते सांगितलं?”

“नाही.”

“मग? दोन मिनिटांचं काम आहे, सर्वेश. पंखा लावून लावून तू माझा आठवडा खाल्लास. एवढं तरी कर.”

त्यानं पंख्याकडे एकदा पाहिलं. तिनं आधी त्याच्या उघड्या चेहऱ्याचं एक चित्र टिपलं आणि मग त्यानं सोंग चेहऱ्यावर धरलं.

काही झालं नाही. पिवळी म्हातारी हसत होती आणि खाली सर्वेशचा चौकटीचा शर्ट होता. त्यानं सोंग उतरवून पालथं ठेवलं. पडद्यावर आत उबेचा ठसा होता, रुंद कपाळाचा, सर्वेशचाच. आधीचा अरुंद ठसा पुसला गेला होता. आणि हा ठसा, कुठल्याही उबेनं निवावं तसा, हळूहळू निवत होता. अक्षयाला इतकं हायसं वाटलं की ती हसलीच. गेला एकदाचा दोष, म्हणाली, आणि कॅमेरा तिपाईवरून सोडवताना तो सहज सर्वेशकडे वळला.

त्याचे कान केशरी होते. मान, हात, गळा, सगळं केशरी. मधे चेहऱ्याच्या जागी मागच्या भिंतीचा निळा रंग होता.

“काय झालं?” निळ्या चेहऱ्यानं विचारलं.

ती उठली आणि तिनं त्याच्या गालाला हात लावला. गाल गरम होता, घामानं ओला होता. पडद्यावर तिची केशरी बोटं निळ्यावर टेकलेली दिसत होती. सर्वेशनं मान वळवून पडदा पाहिला. मग स्वतःचा हात गालावर ठेवून पुन्हा पाहिला.

“अक्षया... हे मला परत दे.”

“मी घेतलंय का?” ती ओरडली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

अशा वेळी दारात रावजी उभे राहिले. इथं कुणी फोन उचलत नाही म्हणून सकाळची एसटी धरून आले होते. बसमध्ये उभं राहावं लागलं होतं, तोंडाला कोरड पडली होती आणि ते भांडायच्या तयारीनं आले होते. समोरचा प्रकार पाहून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“कोणी घातलान?”

सर्वेशनं मान खाली घातली. अक्षयानं सांगितलं की तिनं घालायला लावलं. आता काय करायचं ते सांगा, म्हणाली. रावजी तिच्याइतकेच वैतागले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या बापालाही नसावं. लहानपणी विचारलं की पाठीत धपाटा बसायचा, तेव्हापासून गावात कुणी विचारत नव्हतं.

“घालू नको म्हणलं की घालू नये, बाय. एवढं कळाया मशीन कशाला लागतं?”

दोघांचं हे चाललं असतानाच सर्वेशनं सोंग उचललं आणि पुन्हा चेहऱ्यावर दाबलं, दोन्ही हातांनी, कुणी ओढून घेईल अशा भीतीनं. या वेळी त्यानं ते लवकर काढलं नाही. आतून श्वासाचा आवाज येत होता. आधी धाप लागल्यासारखा, मग संथ... मग खूप संथ, झोपलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. रावजींनी पुढं होऊन त्याचे हात धरले आणि सोंग खाली ओढलं.

अक्षयानं कॅमेरा वळवला. चेहरा केशरी झाला होता. कपाळ, गाल, नाक, हनुवटी, सगळं जागच्या जागी.

कॅमेरा सर्वेशवर तसाच रोखून ती खाली बसली. सर्वेश बोलत सुटला होता. बरं वाटतंय आता, अगदी बरं, उगाच घाबरलो, चहा सांगू का, असं न थांबता. रावजींनी सोंग धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलं. तिनं त्याची आतली बाजू एकदा तपासायला मागितली. पुष्कळ झाली तपासणी, म्हणाले, दुपारची राजापूर गाडी चुकेल. तिनं हट्ट धरला नाही. तिलाही ते समोरून जायला हवं होतं.

मिरकरवाड्याच्या घरी दोन दिवस तिनं चित्रणाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अहवालासाठी बसावंच लागलं. खिडकीखाली कोळणींचा गलका चालला होता, त्या आवाजानं तिला धीर आला. सर्वेशचं पहिलं चित्र, सोंग घालण्यापूर्वीचं, तिनं एका बाजूला लावलं आणि शेवटचं दुसऱ्या बाजूला.

सर्वेशला दाट मिशी आहे. केस त्वचेपेक्षा गार असतात, म्हणून पहिल्या चित्रात वरच्या ओठावर जाड निळा पट्टा होता. शेवटच्या चित्रात तो पट्टा नव्हता. ओठापर्यंत एकसारखं केशरी. गालांच्या जागी खळगे, कपाळ अरुंद. तिनं चित्रण चालू केलं. त्या वेळी सर्वेश अखंड बोलत होता, चहाचं विचारत होता, हे तिला पक्कं आठवत होतं. पडद्यावर त्याचे हात तसेच हलत होते, मान हलत होती.

ओठ मिटलेले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही उघडले नाहीत.

तिनं सर्वेशला फोन लावला. तो मजेत होता. आवाज त्याचाच, नेहमीचा. अहवाल कधी देतेस म्हणाला, पंखा आता लावत नाही म्हणाला. तिनं घाईनं फोन ठेवला. मग तिनं रावजींना फोन लावला, आणि सोंग परत आणून द्या, आज, आत्ता, मी गाडी पाठवते, असं एका दमात बोलून गेली.

रावजी तिच्यावरच उखडले. शिमगा होईपर्यंत सोंग गावाबाहेर जाणार नाही, म्हणाले. आणि तिचा फोन आला नसता तर त्यांनीच तो केला असता.

“बाय, तुमी ह्याला आतून त्याल लावलंव काय?”

“नाही. का?”

“वल येते. डोळ्याच्या भोकांखाली.” त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नुसता त्रास होता. “कालधरनं फडकं घेऊन बसलोय. पुसलं की परत येते.”