रुजणांक

रुजवणयंत्राच्या पडद्यावर तेवीस हा आकडा आला तेव्हा डॉ. हेमांगी रणशूर मनातल्या मनात यंत्राला दोन शिव्या देऊन मोकळी झाली. रुजण्याची शक्यता शंभरपैकी तेवीस! आणि तेही इतक्या चांगल्या कायद्याला.

कायदा उत्तरेकडच्या एका बेटदेशाचा होता. तिथे प्रत्येक प्रवाशाच्या तरंगजाकिटाचा पट्टा लागल्याशिवाय लाँचचं इंजिन सुरूच होत नाही. परदेशातली अशी चांगली धोरणं हुडकायची, इथल्या मातीला मानवतील अशी बेतायची आणि सरकारपुढे ठेवायची, हे 'देशांतर' या स्वतंत्र संस्थेचं काम. आपण कुणाचे मिंधे नाही याचा तिथल्या मंडळींना अंमळ गर्वच होता. तांबडी जलाशयातल्या लाँचसाठी हेमांगीने जाकीट पातळ केलं, नऊवारीवरही बसेल असं बेतलं, उन्हाळ्याचा विचार केला. एवढं करून तेवीस.

"खाली अट वाच," संचालक प्रभंजन देसले म्हणाले.

अट एका ओळीची होती. जलाशयात एक लाँच बुडाल्यास रुजणांक एक्याऐंशी.

"सर, हे काय भलतंच?"

"भलतं काही नाही. यंत्राने जगभरातल्या हजारो कायद्यांचा इतिहास वाचलाय. कोणता कायदा कुठे, कधी आणि का रुजला ते त्याला कळतं. या बेटवाल्यांनी तरी जाकीट कधी घातलं? दोन बोटी बुडाल्यावर. बैल गेला अन् झोपा केला, हे आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतंच. यंत्राने त्याला आकडा लावला, इतकंच."

"मग आत्ताच देऊ या ना अहवाल. तेवीस तर तेवीस."

"आणि फेटाळला गेला की? एकदा फेटाळलेल्या प्रस्तावाला पुढे कुणी हात लावत नाही. मग लाँच बुडाली तरी कायदा होणार नाही, आणि तिच्या मागून आणखी बुडतील. तूच गणित कर."

तिने केलं. ते बरोबर होतं, हीच तर पंचाईत.

"म्हणजे माणसं मरायची वाट बघायची?"

"आपण कुणाला बुडवत नाही, हेमांगी. आपण फक्त घाई करत नाही."

'योग्य वेळी सादर करावा' असा शेरा मारून तिने सही केली आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवली. ते जेवण तिला पुढे फार छळणार होतं.

वर्ष गेलं. श्रावणात जलाशयाकाठच्या केळशेतहून बारशाला निघालेली लाँच उलटली. बाळाची आजी, आत्या, पाळणा म्हणायला निघालेल्या बायका, कुणीच वाचलं नाही. त्याच आठवड्यात 'देशांतर'चा अहवाल विधानसभेच्या पटलावर आला आणि पंधरवड्यात कायदा एकमताने मंजूर झाला. यंत्राचा शब्द खरा ठरला. पुढच्या पावसाळ्यात दुसरी लाँच उलटली, तेव्हा सगळे प्रवासी हिरव्या जाकिटांत तरंगत, लाँचवाल्याचा उद्धार करत काठाला लागले.

संस्थेला मानपत्र मिळालं. तो समारंभ टाळून हेमांगी केळशेतला गेली. धक्क्यावर तिला भागीरथी कोळपे भेटली. तिची लेक पहिल्या लाँचमध्ये होती. हेमांगी कुठून आली हे कळताच भागीरथीने तिचे दोन्ही हात धरले.

"लई उपकार झालं बाई तुमचं. जरा आदुगर सुचलं असतं तर माजी सुमन... पर जाऊंद्या. असलं सुचाया येळ लागतोयच की."

खरं सांगायला आली होती हेमांगी, आणि चहा पिऊन परतली. वाटेत तिला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी ती तडक देसल्यांच्या खोलीत शिरली. "आकाशपाळण्यांच्या सुरक्षेचा अहवाल आपल्याकडे पडून आहे. जत्रा तोंडावर आल्यात. तो आजच गेला पाहिजे, सर."

"त्याचा रुजणांक एकोणीस आहे. आणि आत्ता नको, पाहुण्या बसल्यात."

पाहुण्या म्हणजे त्याच बेटदेशाच्या धोरणसल्लागार, श्रीमती रूनसन.

"जो कायदा रुजवायला आम्हाला चाळीस वर्षं लागली, तो तुम्ही पंधरवड्यात रुजवलात," त्या कौतुकाने म्हणाल्या. "जमलं कसं?"

देसले शब्दांची जुळवाजुळव करू लागले. हेमांगीला ते सहन होईना.

"अहवाल वर्षभर आधी तयार होता," ती म्हणाली. "आम्ही तो दाबून ठेवला. माणसं बुडायची वाट पाहिली. त्यावर सही माझी आहे."

बोलताना तिला रडू फुटलं, पण हलकंही वाटलं. परकी का होईना, ही बाई आता संतापेल, मायदेशी जाऊन बोभाटा करेल, आणि आकाशपाळण्यांत पोरं बसायच्या आत तो अहवाल बाहेर निघेल.

श्रीमती रूनसन यांनी हळूच विचारलं, "आमच्याकडे याचा रुजणांक किती येईल?"

देसल्यांनी यंत्र सुरू केलं. परदेशी धोरणाच्या जागी त्यांनी पहिल्यांदाच इथलं धोरण भरलं: अहवाल तयार ठेवणे, अपघात होईपर्यंत सादर न करणे.

एरवी यंत्र तासन् तास दळण दळत बसायचं. या वेळी हेमांगीने डोळे पुसेपर्यंत उत्तर आलं होतं. सत्त्याण्णव. स्थानिक बदल: आवश्यक नाहीत. पूर्वअट: नाही.

"एवढा आकडा आजवर कुठल्याच धोरणाला आलेला नाही," देसले पुटपुटले. त्यांनी आणखी काही देश घालून पाहिले. उत्तर तेच.

श्रीमती रूनसन यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज कामाचा होता. "आमच्या मंडळींना हे समजावून सांगायला कुणाला पाठवाल?"

"हेमांगी येईल," देसले म्हणाले. "तिला यातलं सगळं ठाऊक आहे. शिवाय ती खरं बोलते, त्यामुळे लोकांचा विश्वास बसतो."