हात हाय का?

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं. कुणाची समजूत घालत बसायची मला हौस नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या चुलत्यांवर गुदरली आणि तिच्यापायी आमच्या घराच्या दोन चुली झाल्या.

साल १९५६. गंगाखेडची एक कापसाची जिनिंग. दिवस येळवशीचा, म्हणजे अमावस्येचा... पण वेळ रात्रीची नव्हे. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

माझे चुलते भुजंग तिथं दुरुस्तीच्या शेडात मिस्त्री होते. तेव्हा ऐन पंचविशीतले, म्हणून गोष्टीपुरतं त्यांना नुसतं भुजंग म्हणतो.

शेडात हैदराबादहून आणलेलं एक लहान मिलिंगचं मशीन होतं. लोखंडात खाचा पाडायला. त्याचा कटर ज्या होल्डरात बसतो, तो वरच्या अंगाला निमुळता. तो खालून स्पिंडलच्या, म्हणजे फिरत्या उभ्या दांड्याच्या पोकळीत घालायचा आणि वरून लांब बोल्टानं आवळायचा. काढताना बोल्ट थोडा ढिला करून वरून हातोडीचा ठोका द्यायचा. टक्क आवाज होतो, होल्डर पकड सोडतो. बोल्टाचे उरलेले आटे फिरवले की तो खाली येतो. खाली झेलायला हात नसला तर कटरची धार गेलीच म्हणून समजा.

म्हणून हे काम दोघांचं. वरचा विचारणार, "हात हाय का?" खालचा म्हणणार, "हाय." मगच हातोडी.

आदल्या वर्षी खाली मुंजाजी असायचा. एकदा तो "हाय" म्हणाला आणि त्याच क्षणी इंजिनकडून येणारा वरचा पट्टा मोकळ्या चाकावरून आपोआप चालत्या चाकावर सरकला. स्पिंडल फिरलं. मुंजाजीचा उजवा हात मनगटातून गेला, आणि त्या पाठोपाठ मुंजाजीही गेला.

तेव्हापासून त्या जागेवर कुणी उभं राहायला तयार नव्हतं. येळवशीच्या दुसऱ्या दिवसापासून तिथं भुजंगचा धाकटा भाऊ पंडित लागणार होता. पंडित म्हणजे माझे वडील. नुकतंच लग्न झालेलं, डोकं तापट. राणीसावरगावच्या कोरडवाहू रानात दोघांचं भागत नव्हतं, म्हणून भुजंगनंच मॅनेजर दत्तरावांकडं शब्द टाकला होता.

येळवशीला सगळं गाव रानात भज्जी आणि आंबील खायला जातं. भुजंग मात्र अडलेलं काम उरकत दुपारपर्यंत शेडात राहिला. काम झालं तसा इंजिनवाला धोंडीबा इंजिन बंद करून रानात निघून गेला. भुजंगच्याही पोटात कावळे ओरडत होते. पण तापलेल्या स्पिंडलात होल्डर तसाच ठेवून जाता येत नाही. रात्रीच्या थंडीनं तो असा आवळतो की बापजन्मी निघत नाही.

झेलायला कुणी नाही, म्हणून त्यानं खाली गोणपाटाची घडी ठेवली. स्टुलावर चढला. बोल्ट ढिला केला. हातोडी उचलली आणि सवयीनं तोंडातून गेलंच...

"हात हाय का?"

स्वतःशीच हसला आणि ठोका दिला.

टक्क.

होल्डर सुटला. त्यानं उरलेले आटे फिरवले. आता खाली धप्प वाजायला हवं होतं.

काहीच वाजलं नाही...

त्यानं वाकून पाहिलं. स्पिंडल रिकामं. गोणपाट रिकामं. खाली उतरून त्यानं लोखंडाचा कीस चिवडला, मशीनच्या मागं पाहिलं. मग नजर भिंतीकडं गेली. होल्डर लाकडी फळीवर आपल्या भोकात उभा होता. स्वच्छ पुसलेला. हात लावला तर अजून गरम.

शेडाचं दार त्यानंच आतून लावलं होतं.

आढ्यावरची पारवी एरवी दिवसभर घुमायची. आता तीही गप्प होती.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. पण मिस्त्रीची खोड मोडत नाही. पोकळी पुसून ठेवायला हवी, कचऱ्याचा कण राहिला तर होल्डर वाकडा बसतो. भुजंगनं बोटांना फडकं गुंडाळलं आणि हात खालून पोकळीत घातला.

आत बर्फासारखं गार...

आणि कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

पकड डाव्या हाताची होती. अंगठा कुठं रुततो त्यावरून ते कळतं.

वर सर्र... सर्र... आवाज सुरू झाला. पट्टा मोकळ्या चाकावरून सरकत होता. इंजिन बंद होतं, तरी स्पिंडल त्याच्या बोटांभोवती हळूहळू फिरायला लागलं. फडकं पिळलं जाऊ लागलं.

मग स्टुलावरून आवाज आला. मुंजाजीचा.

"हात हाय का?"

या प्रश्नाला त्या शेडात एकच उत्तर होतं. ते भुजंगच्या ओठांवर आलंसुद्धा. त्यानं ओठ चावला.

"न्हाई," तो म्हणाला. "हात न्हाई."

स्पिंडल थांबलं. वरचा आवाज रागावला नाही.

"मंग उद्या."

मनगट सुटलं. भुजंग दाराकडं धावला.

उद्या म्हणजे पंडित, हे सांगायला कुणी नको होतं. पण पंडितला खरं सांगितलं असतं तर त्यानं मिशीवर ताव देऊन आधी हात घातला असता. म्हणून सकाळी पंडित पोचण्याआधीच भुजंगनं दत्तरावांना गाठलं. भावाला फेफरं येतं, त्याला मशीनजवळ उभं करू नका, असं सांगितलं.

पंडितला फाटकातूनच परत लावलं. पुढं कुठल्याच जिनिंगनं त्याला दारात उभं केलं नाही. असली बातमी वाऱ्यावर पसरते.

"दादा, मला फेफरं कवा आलतं?" त्यानं घरी येऊन विचारलं.

भुजंगनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"माझ्या पोटावर पाय दिलास तू."

माझ्या वडिलांनी जन्मभर परमुलखात ऊस तोडला. भावाच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. आम्हा पोरांनाही पिऊ दिलं नाही. इकडं भुजंगकाकांनी त्या मशीनवर कधी जोडीदार घेतला नाही. पुढं जिनिंग बुडाली आणि मशीन कुणी नेलं ते कळलं नाही.

वडील वारले तेव्हा काका न बोलावता आले. वडिलांचे दोन्ही हात त्यांनी चाचपून पाहिले आणि धरून बसले. बायका रडल्या, शेवटी भाऊ भाऊ भेटले म्हणून. तिरडी उचलायची वेळ झाली तरी ते हात सोडेनात. स्मशानापर्यंत तसेच चालले.

मी अग्नी द्यायला पुढं झालो तसे कानाशी येऊन म्हणाले, "आधी हाताला लाव. हात मागं ठिवू नको."

मला राग आला होता, पण मी तसंच केलं.

तेराव्याला त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मुंजाजी अजून हात शोधतोय, मागं उरलेला हात तो नेणार, असं ते म्हणाले.

पुढं काकाही गेले. पाऊस होता, लाकडं ओली होती, सगळ्यांना घाई झाली होती... त्यांच्या हातांचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.