शेजारचा क्लच

चढावरच्या सिग्नलला ती बसकी निळी स्पोर्ट्स कार तिसऱ्यांदा बंद पडली आणि मागे हॉर्नचा नुसता गदारोळ उठला. बरोबर मागच्या व्हॅनमध्ये ती होती, शेजारी बाबा. पुढची गाडी गिअर टाकताना अशी करकरत होती, की तिच्याच अंगावर काटा आला. व्हॅन बाबांच्या हवाली करून ती उतरली आणि पुढे जाऊन काचेवर टकटक केली.

"दात झिजतील अशाने," ती म्हणाली.

आतल्या माणसाने घाबरून तोंडावर हात नेला. "माझे?"

"गिअरचे."

तो दातांचा डॉक्टर होता, हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिला एवढंच दिसलं, की त्याच्या डाव्या गुडघ्याला पट्टा आहे, कपाळावर घाम आहे, आणि एवढी फजिती होऊनही डोळे हसताहेत. तिने त्याला पलीकडच्या सीटवर बसवलं, चढ चढवून दिला आणि गाडी थेट गॅरेजमध्येच नेली.

बाबांच्या गॅरेजात गिअरबॉक्सचं काम ती बघायची. कान इतका तयार, की नुसत्या आवाजावरून कोणता दात झिजलाय ते सांगायची. गिऱ्हाइकं तिला उस्ताद म्हणत. डॉक्टरही म्हणू लागला... आणि त्याच्या तोंडून तिला ते जरा जास्तच गोड लागू लागलं.

त्याचं दुखणं साधं होतं. कॉलेजपासून मनात भरलेली गाडी हौसेने घेतली, आणि दोन महिन्यांत बॅडमिंटन खेळताना गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण क्लच दाबायचं नाव काढू नका, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी हट्टाने गाडी बाहेर काढली ती त्या चढावर अडकली. आता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून मिळेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

तिच्या जिवावर आलं. असल्या गाडीला ऑटोमॅटिक? हातातला पाना बाजूला ठेवून ती त्याला समजावत बसली – वळणाआधी गिअर खाली आणताना गाडी कशी हुंकार देते, तो हुंकार आपल्या पायातून कसा जातो. तो ऐकत होता. खरं तर ऐकत कमी, बघत जास्त होता. शेवटी तिनेच तोड काढली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा जादाचा क्लच शेजारच्या सीटपुढे बसवायचा. गिअर त्याने टाकायचे, क्लच तिने दाबायचा. रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर.

"आणि बाकीचे सहा दिवस?" त्याने विचारलं.

"बस आहे की."

पहिल्या रविवारी गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली. तो "आता" म्हणेपर्यंत उशीर झालेला असायचा. दोघंही हसून हसून बेजार. चौथ्या रविवारी मात्र "आता" म्हणायची गरजच उरली नाही. त्याची बोटं गिअरच्या दांड्यावर जराशी आवळली, की तिचा पाय आपसूक खाली जायचा. तळ्याकाठच्या मोठ्या वळणावर चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा... इतका अलगद, जणू एकाच माणसाचे हातपाय. वळण संपल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

असे दहा रविवार गेले. मग एका सोमवारी तो गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, ऑटोमॅटिक बॉक्स मिळालाय, बसवून द्या.

तिने का म्हणून विचारलं नाही. चार दिवस लागतील, म्हणाली. काम तिने एकटीनेच केलं. शेजारचा क्लच काढायची वेळ आली तेव्हा शेवटचा नट काही केल्या सुटेना. बाबांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातला पाना घेतला आणि नट स्वतः सोडवला.

शुक्रवारी तो गाडी न्यायला आला. एकटाच एक चक्कर मारून परत आला, पण उतरला नाही. हात लांब करून त्याने शेजारचं दार उघडलं.

"क्लच काढलाय," ती म्हणाली. "आता माझं काय काम?"

"म्हणूनच तर." तो म्हणाला. "इतके दिवस तू बसायचीस ती माझ्या गुडघ्यासाठी. दर वेळी वाटायचं, हिला माझी दया येत असेल तर... आता गाडीला तुझी गरज नाही. मला आहे. बसशील?"

त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"माझे हात ग्रीसने भरलेत," ती कशीबशी म्हणाली.

"दिसताहेत."

ती बसली. गाडी धक्का न देता निघाली, तळ्याच्या वळणावर गाडीनेच स्वतःहून गिअर खाली आणला. बरं जमलं हिला, असं तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. आता काहीच काम नसलेला त्याचा एक हात दांड्यावर उगाच पडून होता. तिने तो आपल्या काळ्या बोटांत घेतला. तो वळून तिच्याकडे बघायला लागला.

"पुढे बघ," ती म्हणाली. "मी कुठे जात नाही."